दुभाषा असला, तरी भाषा यावी

बँकेतली खाती असोत की ग्रंथालयातल्या नोंदी, संगणकात त्या बहुधा तक्त्यांच्या रूपात राहतात. त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. १९७४ साली आयबीएमने ती मांडली. जावामध्ये प्रोग्राम लिहिणारा मात्र 'सभासद', 'पुस्तक' अशा वस्तूंच्या रूपात विचार करतो. या दोघांमधला एक दुभाषा म्हणजे २००१ साली आलेले हायबरनेट.

त्याच्यामुळे रोजचे काम सोपे होते. पण ५०० सभासद आणि प्रत्येकाकडची पुस्तके हवी असतील, तर बेसावधपणे लिहिलेला प्रोग्राम यादीसाठी १ आणि प्रत्येक सभासदासाठी १, अशा ५०१ क्वेरी पाठवतो. हाताने लिहिलेली एकच क्वेरी तक्ते जोडून तेच उत्तर आणते. हायबरनेटमध्ये तशी सोय आहे.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. अशा क्वेरीने नोंद बदलली, तरी दुभाष्याच्या स्मरणात जुनीच प्रत राहू शकते. ती पुन्हा वाचून घ्यावी. आणि वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर क्वेरीत थेट जोडू नये, पॅरामीटर म्हणून द्यावा. नाहीतर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

दुभाषा जरूर ठेवावा. मूळ भाषा विसरू नये.