गाणं डोक्याच्या मधोमध का वाजतं?

जळगावजवळचं असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. त्यांच्या कविता १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात गाणी होऊन आल्या. ती महागड्या हेडफोनवर लावली, तरी आवाज समोरून येत नाही. थेट डोक्याच्या मधोमध उमटतो. दोष हेडफोनचा नव्हे. मोनो ध्वनिमुद्रणात दोन्ही कानांना एकच आवाज, एकाच क्षणी मिळतो.

असोद्याच्या शिवारात डावीकडून कुणी हाक मारली, तर ती डाव्या कानाला आधी पोचते. उजव्याला पोचायला जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद उशीर, आणि तीही जराशी दबून. एवढ्यावर मेंदू दिशा ठरवतो, हे मला अजूनही थक्क करतं. हाक समोरून आली की मागून, हे ओळखायला बाहेरच्या कानाच्या वळ्या मदत करतात. त्या प्रत्येकाच्या निराळ्या. म्हणून एकच हेडफोन दोघांना वेगळा भासतो.

कानाची नळी ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज आपसूक वाढवते. हेडफोनमध्ये हा चढ हरवला, तर गाणं गोधडीआडून आल्यासारखं वाटतं.

या गाण्यांसाठी इक्वलायझरवर बास मुळीच वाढवू नका. आवाज घुमत असेल, तर २०० हर्ट्झची पट्टी दोन-तीन डेसिबल खाली घ्या. मग कवितेच्या खानदेशी बोलीतले शब्द सुटे ऐकू येतात. आवाज भोवताली पसरल्याचा भास देणारं ‘स्पेशियल ऑडिओ’ मात्र मी बंदच ठेवते. त्यातली खोली गणिताने उभी केलेली असते, मूळ ध्वनिमुद्रणातली नसते.