दारू सोडायची, पण बैठक कोणती गाठायची?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की काही घरांत दिवाळी होते आणि काही घरांत भांडी फुटतात. गटागटांतून हिंडणाऱ्या आम्हां शेतकी विभागाच्या मंडळींना हे नवे नाही. आपल्याच उसाच्या मळीपासून अल्कोहोल निघते, मग या विषयावर पत्रिकेने लिहावे का, असे एका सभासदांनी विचारले. म्हणूनच लिहावे, असे आमचे मत झाले.

अलीकडे दोन-तीन घरांतून एकच बोल कानी आला. "मीटिंगला एकदा नेलं होतं साहेब, काही फरक पडला नाही. ते आपल्यासाठी नाही." एका बैठकीवरून असा निकाल काढणे बरोबर नाही. खारवट-चोपण रानात को ८६०३२ रडत असला म्हणून आपण ऊस सोडून देत नाही, फुले २६५ लावून पाहतो. बैठकीचेही तसेच आहे.

या बैठका मुळात निघाल्याच शोधाशोधीतून. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन या गावी शेअरबाजारातील एक गृहस्थ, बिल विल्सन, धंद्याच्या कामासाठी आले होते. दारू सुटून पाचच महिने झालेले, काम फसलेले, आणि हॉटेलातला दारूचा गुत्ता समोर. त्यांनी टेलिफोन करकरून विचारले, की या गावात दुसरा कोणी दारूने गांजलेला माणूस भेटेल का? भेटले ते डॉ. बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. त्या दोघांच्या बोलण्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' म्हणजे निनावी मद्यपींची संघटना उभी राहिली. लोक तिला ए. ए. म्हणतात. भारतात ती १९५७ साली आली. पुढे १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. तिथेही औषधापाठोपाठ गटात बसून बोलण्यावर भर आहे.

बैठकीआधी एक सावधगिरी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. हातपाय कापणे, झटके येणे, नसलेले दिसू लागणे असे प्रकार पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतात आणि त्यात जीवही जातो. खोलीत कोंडून कडी लावणे हा तर शुद्ध अडाणीपणा. आधी बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठावे, तिथल्या मानसोपचार विभागात दाखवावे आणि तिथेच जवळच्या बैठकीची चौकशी करावी. सरकारची १४४१६ ही टेली-मानस सेवा फोनवर मोफत आणि चोवीस तास आहे, मराठीतून बोलता येते. गावच्या चिटबॉयकडे मात्र विचारू नका. पोरगा चांगला असतो, पण सगळ्या शिवाराची बातमी त्याच्या सायकलवर असते.

आता निवड. ए. ए.च्या काही बैठका खुल्या असतात, तिथे घरचा माणूसही बसू शकतो. काही बंद, फक्त पिणाऱ्यांसाठी. पहिल्यांदा खुली बरी, कारण नवख्याला सोबत लागते. फी नसते, वर्गणीची सक्ती नसते, आडनाव विचारीत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. देवाचे नाव येते, पण आपला देव आपण ठरवायचा. कोणी पैसे मागून 'हमखास' सोडवून देतो म्हणाला, तर ती ए. ए.ची बैठक नव्हे असे समजावे.

खरी अडचण लाजेची असते. आमच्या माहितीतले एक सभासद पहिल्या बैठकीला गेले, तर समोर बसलेले लेकीच्या सासरच्या गावचे गृहस्थ! पाऊल तिथेच मागे फिरले. पुढे त्यांनी दोन तालुके ओलांडून दुसरी बैठक धरली आणि टिकले. जवळची बैठक सोयीची खरी, पण ज्याला ओळखीची भीती आहे त्याने थोडे भाडे मोजावे. वेळही बघावी. रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात संध्याकाळची बैठक कोणाला जमणार? बोलणे आपल्या मराठीत चालते का, हेही पाहावे. शहरी इंग्रजी-हिंदीत मन मोकळे होत नाही. पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे असे नाही, मागे बसून ऐकले तरी चालते. आमच्या मते एका जागी पाच-सहा वेळा बसावे, मगच बदलण्याचा विचार करावा.

घरधनिणीने काय करावे? तिच्यासाठी अल्-अनॉन या निराळ्या बैठका असतात. नवरा येवो न येवो, तिने जावे.

ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जाणाऱ्यांनी तिकडची बैठक निघण्यापूर्वीच विचारून ठेवावी. हंगामाच्या त्या पाच-सहा महिन्यांतच सुटलेली पुन्हा लागते.

धारूर-वडवणीकडच्या गावाला सोयीची बैठक मिळालीच नाही, तर ए. ए.च्या रीतीप्रमाणे दारू सोडू पाहणारे दोघे जमले तरी गट होतो. त्यासाठी आमचे गट ऑफिस मात्र मागू नये. तोडणीच्या स्लिपांसाठी तिथे दिवसभर वर्दळ असते. शाळेची खोली रविवारी मोकळी असते आणि किल्ली हेडमास्तरांकडे असते.