मद्यपान आणि शेतकऱ्याचे आरोग्य

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी गावात १९७५ च्या सुमारास शेती तोट्याची होती. दारूच्या भट्ट्या मात्र ३० हून अधिक होत्या. श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी त्या बंद केल्या. पाणी अडविण्याची कामे आणि दारूबंदी तेथे बरोबरीने चालली. शेतीची सुधारणा अखेर शेतकऱ्याच्या शरीरावरच अवलंबून असते.

मद्य मुख्यतः यकृतात मोडते. नित्याच्या मद्यपानाने यकृतात प्रथम चरबी साठते, पुढे सूज येते व शेवटी ते कठीण होऊन आकसते. मग कावीळ होते, पोटात पाणी साठते. पहिल्या अवस्थेतच मद्य सोडल्यास यकृत बहुधा पूर्ववत होते; शेवटच्या अवस्थेत तसे होत नाही. मद्याने कर्करोगही होतो. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे.

थंडीच्या रात्री उसाला पाणी देताना घोटभर दारूने ऊब येते, हा समज चुकीचा आहे. कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावल्याने ऊब भासते. प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावते. मद्य घेऊन औषधफवारणी करणे किंवा ट्रॅक्टर हाकणे हे तर संकटास आमंत्रणच होय.

विषारी दारूचा धोका निराळाच. २०१७ साली नगर तालुक्यातील पांगरमल येथे निवडणुकीच्या काळात अशा दारूने बळी घेतले. भेसळीच्या दारूत मिथेनॉल असू शकते. ते चवीने वा वासाने ओळखता येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनून दृष्टी जाते व प्राणही जातो. लक्षणे पुष्कळदा १२ ते २४ तासांनी दिसतात. दारू प्यालेल्याला अंधुक दिसू लागले, पोट दुखू लागले वा धाप लागली, तर ‘झोपला की उतरेल’ म्हणून वाट न पाहता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

राळेगणात एके काळी मद्यप्यास खांबास बांधून मारही दिला जाई. आज वैद्यकशास्त्र व्यसन हा रोग मानते. अनेक वर्षे नित्य व फार पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास हातापायांस कंप, भ्रम व झटके येऊ शकतात. क्वचित मृत्यूही ओढवतो. म्हणून अशा बांधवास कोंडून वा मारून न सोडविता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे व वैद्यकीय देखरेखीखाली त्याची दारू सोडवावी. ग्रामसेवकांनी घरच्या मंडळींना हे समजावून सांगावे. भट्टी बंद करणे हे गावाचे काम, रोग्यास बरे करणे हे वैद्याचे. दोन्ही झाली तरच घर सावरते.