मागच्या एक्सलचं म्हणणं

वढू बुद्रुकहून कोरेगाव भीमा जेमतेम चार किलोमीटर. संभाजी महाराजांच्या समाधीला येणाऱ्या गाड्या सोडल्या, तर या रस्त्यावर ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या आणि वीस-पंचवीस वर्षं राबलेले सहाचाकी ट्रक. पुढे नगर रस्त्याला लागलं की सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव. जुन्या ट्रकच्या मागच्या एक्सलचं निदान करायला या चार किलोमीटरांपेक्षा जास्त काही लागत नाही. वेग धरायला सरळ पट्टा हवा, एखादं वळण हवं, आणि पाय काढून गाडी नुसती घरंगळू द्यायची मोकळीक हवी. गॅरेजात जॅकवर चढवलेला एक्सल गप्प बसतो. ओझं पाठीवर असलं की तो बोलतो.

बैलगाडीच्या आखाचं काम चाक धरून ठेवण्याचं. वंगण संपलं की तो करकरायचा आणि दुखणं कुठे आहे ते लहान पोरालाही कळायचं. ट्रकच्या मागच्या एक्सलवर चार कामं एकदम पडतात. तो ओझं पेलतो, इंजिनाची गती काटकोनात वळवतो, ती कमी करून जोर वाढवतो, आणि वळणावर दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळं फिरू देतो. टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून 1954 साली जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, करार 1969 मध्ये संपला, तरी जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी ‘बेंझ’ बरीच वर्षं राहिली. इंजिनं बदलली, केबिन बदलल्या. मागच्या पोटातली मांडणी मात्र ओळखीचीच राहिली. लहान टेल पिनियन, मोठं क्राऊन व्हील, त्याच्या पोटात चार छोटी दातेरी चाकं, आणि दोन्ही बाजूंना हबपर्यंत जाणारे शाफ्ट. पिनियनला 6 दात आणि क्राऊनला 41, ही जोडी स्पेअर पार्टच्या दुकानात तोंडपाठ असते. इंजिनाची गती मागे आणणाऱ्या जॉइंट शाफ्टचे जवळजवळ सात फेरे झाले की चाकाचा एक.

हा हिशोब कानाच्या फार कामाचा आहे. ट्रकचं मोठं टायर एका फेऱ्यात सव्वातीन मीटरच्या आसपास जातं. ताशी चाळीसला चाक सेकंदाला साडेतीन फेरे घेतं, पिनियन चोवीस, आणि दाताला दात लागतो तो सेकंदाला सुमारे एकशेचाळीस वेळा. म्हणून दात झिजले की ठोके ऐकू येत नाहीत, सलग घूं ऐकू येते, आणि ती वेगाबरोबर वर चढते. क्राऊनचा एकच दात तुटला असेल, तर चालण्याच्या वेगात ‘टक्... टक्’ मोजता येतं. तोच ठोका भरभर येत असेल, तर बिघाड पिनियनच्या बाजूचा.

मग पाय. ॲक्सिलरेटर दाबला की घूं वाढते आणि सोडला की विरते, तर दातांची एक बाजू गेलेली आहे. पाय सोडल्यावर वाढत असेल, तर दातांची दुसरी बाजू पाहायची, किंवा पिनियनच्या बेअरिंगचा सैलपणा. पाय दाबा, सोडा, आवाज तसाच खरबरीत राहतो, तर बेअरिंगकडे जायचं. वळणावर एका बाजूला वाढतो आणि उलट वळणावर कमी होतो, तर हबचं बेअरिंग. फक्त वळतानाच कुरकुरतो आणि सरळ रस्त्यावर शांत असतो, तर पोटातली छोटी दातेरी चाकं. गाडी सुटताना किंवा गिअर टाकताना ‘खण्’ होतं, तर एक्सलला हात लावण्याआधी जॉइंटचे क्रॉस हलवून बघावेत. आणि खडीवरून गुळगुळीत डांबरावर आल्यावर आवाज बदलला, तर तो बिचाऱ्या टायरचा आहे.

ही परीक्षा न घेता क्राऊन-पिनियन बदलणं मला पाप वाटतं. तो सेट महाग असतो, आणि बेअरिंग गेलेल्या घरात बसवला तर नवे दातही काही महिन्यांत घुमू लागतात. ज्याच्या घरी ट्रकचा हप्ता आहे, त्याला असं दोनदा लुबाडलं जाऊ नये.

गळतीचंही तसंच. तेल जिथे ठिबकतं तिथून ते निघालेलं असेलच असं नाही. धावत्या गाडीचा वारा त्याला मागे पसरवतो. आधी एक्सलचं हौसिंग डिझेलने धुवून कोरडं करायचं, एक खेप मारायची, मग ओल कुठून सुरू होते ते बघायचं. पिनियनच्या सीलमधून, पॅकिंगमधून, का हबच्या आत? गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, ग्रीसला नसतो. हबमधून तेल आत सुटलं तर ते ब्रेकच्या लायनरवर जातं. मग प्रश्न तेलाचा उरत नाही, ब्रेकचा होतो.

त्याही आधी ब्रीदर बघावा. हौसिंगच्या माथ्यावरची ती छोटी टोपी चिखलाने बुजली, की तापलेल्या तेलाची हवा कोंडते आणि चांगल्या सीलमधूनही तेल ढकलते. दहा मिनिटांत तो साफ होतो. तेलाची पातळीही बघावी: सपाट जागेवर, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, त्याहून वर नाही. तरीही पिनियनचा सील गळतच राहिला, तर पिनियनला जॉइंट शाफ्ट जोडणाऱ्या फ्लॅंजवर नखाने चाचपा. सील घासून तिथे खाच पडलेली असते. अशा फ्लॅंजवर कितीही नवे सील बसवले तरी ते गळतात. स्लीव्ह तरी चढवायची, नाहीतर फ्लॅंज बदलायचा. खोलण्याआधी नटावर आणि फ्लॅंजवर खूण करावी. त्या नटाच्या आवळण्यावर आतल्या बेअरिंगचा ताण ठरतो. ‘घट्ट झाला की झालं’ म्हणून पाइप लावून आवळलेला नट बेअरिंग जाळतो.

डिफरन्शियल, म्हणजे क्राऊन-पिनियनचा हा सगळा गोळा, उतरवायची वेळ आलीच, तर मला सगळ्यात आवडणारं काम पुढे येतं. क्राऊनच्या काही दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचा आणि थोडा अटकाव ठेवून पिनियन फिरवायचा. दात दाताला जिथे भिडतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि चमकदार ठसा उरतो. ठसा दाताच्या मध्यावर हवा. शेंड्याकडे गेला तर पिनियन दूर आहे, मुळाशी गेला तर फार आत आलाय. त्याच्यामागचे कागदासारखे पातळ शिम काढून-घालून त्याला जागेवर आणायचं. ठसा दाताच्या लांबीत एका टोकाला सरकला असेल, तर क्राऊन सरकवून दातांमधली मोकळीक जुळवायची. ती डायल गेजवर बघतात, आणि ती असते मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी. सोळा-सोळा टनांची गाडी एवढ्याशा फटीवर शांत चालते किंवा किंचाळते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, म्हणून त्यांतला एकच बदलायचा नसतो.

2018 साली केंद्राने दोन एक्सलच्या ट्रकची वजनमर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टनांपर्यंत वाढवली. कागद बदलला, त्याआधी घडलेलं लोखंड बदललं नाही. उसाच्या हंगामात शेताच्या बांधावरून गाडी बाहेर काढताना एक चाक रुतून फिरत राहतं, तेव्हा पोटातल्या छोट्या दातेरी चाकांवर काय गुदरतं ते तेल काढल्यावरच दिसतं. म्हणून हंगाम संपल्यावर, गाडी उभी असताना, तेल बदलावं अशी माझी प्रत्येक मालकाला विनंती आहे.

काम झाल्यावर पंधरा-वीस किलोमीटर चालवून थांबायचं आणि हात लावून बघायचं: पिनियनपाशी, मग दोन्ही हबांपाशी. दोन्हीकडे सारखं कोमट असावं. हात टेकवेना इतकं तापलं असेल तर गाडी परत न्यायची, उद्यावर टाकायचं नाही. आणि पहिलं तेल लवकर काढायचं. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लेप जमलेला दिसेल. तो बोटांत चोळून बघावा. मऊ लागला तर पुसून प्लग परत लावावा. कण टोचला तर पुन्हा खोलावं.