मेल्यावर पुढे काय? बायबलची उत्तरे, जालन्याच्या वाटेने

जालना शहरापासून थोड्या अंतरावर एकोणिसाव्या शतकात एक नवे गाव वसले. नाव ठेवले बेथेल. हे नाव बायबलच्या पहिल्याच पुस्तकातले, उत्पत्तीमधले. याकोब भावाच्या भीतीने घर सोडून निघाला, वाटेत दिवस मावळला, तेव्हा उशाला दगड घेऊन उघड्यावरच आडवा झाला. स्वप्नात त्याला जमिनीवरून थेट आभाळाला भिडलेली शिडी दिसली आणि तिच्यावरून देवदूत चढ-उतर करत होते. सकाळी त्याने त्या जागेला देवाचे घर म्हटले. तेच बेथेल!

मराठवाड्यात हे नाव आणले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. ब्राह्मण घराण्यातल्या या तरुणाने १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे जालन्याला मुक्काम ठोकला. त्यांच्याभोवती जमलेल्या लोकांत मांग आणि महार कुटुंबे मोठ्या संख्येने होती. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि गावाबाहेर ठेवलेल्या माणसांचे स्वतःचे गाव उभे राहिले. स्वर्गाच्या शिडीचे नाव द्यायचे आणि त्याच वेळी पायाखाली हक्काची जमीनही मिळवून द्यायची, ही जोड मला फार मोलाची वाटते. कारण बायबल उघडून मरणानंतरच्या गोष्टी वाचायला लागलो की कळते, तिथेही आभाळाइतकीच जमिनीची चर्चा आहे.

समुद्रात गेलेल्यांचे काय?

शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेला हजर होते. १८९१ मध्ये पुन्हा अमेरिकेला गेले आणि परतीच्या प्रवासात अटलांटिक महासागरात जहाजावरच वारले. देह समुद्रालाच अर्पण झाला. बेथेल वसवणाऱ्या माणसाची बेथेलच्या मातीत कबर नाही. पण त्यांच्या धर्मग्रंथाने अशांचा विचार करून ठेवलेला आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात, न्यायाच्या दिवशी समुद्र आपल्या पोटातले मृत परत करतो असे दृश्य आहे. कबर असो वा नसो, हजेरी सगळ्यांची लागणार.

सुरुवातीला स्वर्ग नव्हताच

बायबलची जुनी पुस्तके, म्हणजे जुना करार, वाचणाऱ्याला पहिला धक्का इथे बसतो. मेलेला चांगला असो की वाईट, राजा असो की गुलाम, सगळे एकाच ठिकाणी जातात: खाली, अंधारात, अधोलोकात. तिथे शिक्षा नाही, बक्षीस नाही, फक्त शांतता. उपदेशक या पुस्तकाचा लेखक तर साफ सांगतो की मेलेल्यांना कशाचीही जाणीव नसते, म्हणून जिवंत आहात तोवर अन्न आनंदाने खा आणि हातातले काम मन लावून करा. समर्थ रामदासांचा जन्म याच जिल्ह्यातला, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. त्यांच्या दासबोधात मृत्यूवर एक अख्खा समास आहे आणि त्यातही मृत्यू कोणाकोणाची भीड ठेवत नाही याची लांबलचक यादी आहे. उपदेशकाचा नववा अध्याय आणि तो समास लागोपाठ वाचून पाहा. दोन दूरचे देश, दोन निराळे धर्म, पण स्पष्टवक्तेपणा सारखाच.

मेलेले पुन्हा उठतील, काही अनंत जीवनासाठी आणि काही अपमानासाठी, हे जुन्या करारात उघडपणे येते ते थेट दानीएलाच्या बाराव्या अध्यायात. तोवर बायबलचा बराच मोठा भाग संपलेला असतो.

दोघे मेलेच नाहीत

हनोख ३६५ वर्षे जगला आणि मग दिसेनासा झाला, कारण देवाने त्याला नेले. त्याचाच मुलगा मथुशलह ९६९ वर्षे जगला. बायबलमधले हे सर्वांत मोठे आयुष्य, पण शेवटी तोही मेला. दुसरा एलीया संदेष्टा. अग्निरथ आला, वावटळ उठली आणि तो सदेह वर गेला. तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाची कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही.

परत आलेले आठ

येशूचे स्वतःचे पुनरुत्थान आणि त्याच्या मरणसमयी कबरी उघडल्याचा मत्तयातला प्रसंग बाजूला ठेवला, तर मरून पुन्हा उठलेल्या आठ जणांच्या गोष्टी बायबलमध्ये आहेत. जुन्या करारात तीन: एका विधवेचा मुलगा एलीयाने उठवला, शुनेम गावचा मुलगा त्याचा शिष्य अलीशाने. तिसरी गोष्ट सर्वांत विलक्षण. काही लोक प्रेत पुरायला निघाले होते, तेवढ्यात लुटारूंची टोळी दिसली. घाबरून त्यांनी ते प्रेत अलीशाच्याच कबरीत टाकले. अलीशाच्या हाडांचा स्पर्श होताच मेलेला माणूस उभा राहिला!

येशूने तिघांना उठवले: नाईन गावच्या विधवेचा तरुण मुलगा, याईराची बारा वर्षांची लेक आणि लाजर. त्या मुलीच्या गोष्टीतला एक बारकावा मला विशेष आवडतो. ती उठून चालायला लागते, सगळे थक्क होतात आणि येशू घरच्यांना सांगतो, हिला काहीतरी खायला द्या. चमत्काराच्या धामधुमीतही मुलगी भुकेली असेल हे त्याच्या लक्षात असते.

पुढे येशूचा शिष्य पेत्र याने यापो गावच्या तबीथाला उठवले. ही गरीब विधवांना कपडे शिवून देणारी बाई. तिच्याभोवती त्या विधवा रडत उभ्या होत्या आणि तिने शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवत होत्या. आणि आठवा युतुख. प्रेषित पौलाचे प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबले, पोरगा खिडकीत बसला होता, त्याला डुलकी लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळले, तो जिवंत असल्याचे सांगितले, पुन्हा वर आला, भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत बोलतच राहिला.

यातला एकही जण परत येऊन पलीकडे काय पाहिले ते सांगत नाही. लाजर चार दिवस कबरीत होता, पण त्याच्या तोंडी एक शब्दही नाही.

सात भाऊ, एक बायको

येशूच्या काळात सदूकी नावाचा एक पंथ होता. मेलेले उठतात हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी येशूला कोड्यात टाकायला एक गोष्ट रचली: सात भाऊ. थोरला मूलबाळ न होता वारला, रूढीप्रमाणे त्याच्या बायकोशी धाकट्याने लग्न केले, तोही गेला, मग तिसरा, असे सातही. शेवटी बाई वारली. आता उठल्यावर ती कोणाची बायको? येशूचे उत्तर असे की तिथे लग्नेच नसतात, तिथली माणसे देवदूतांसारखी असतात. देवदूतांसारखी, देवदूत नव्हे! मेलेले माणूस पंख लावून देवदूत होते, असे बायबल कुठेही म्हणत नाही.

हेही बायबलमध्ये नाही

स्वर्गाच्या दारात वही घेऊन बसलेला पेत्र बायबलमध्ये नाही. येशूने त्याला किल्ल्या दिल्याचा उल्लेख आहे, बाकीचे चित्र लोकांनी रंगवले. नरकाची नऊ वर्तुळे चौदाव्या शतकातल्या इटालियन कवी दान्तेची. सैतान नरकाचा मालक हीसुद्धा समजूतच. प्रकटीकरणात तो अग्निसरोवरात टाकला जातो, म्हणजे तिथला कैदी ठरतो. पुनर्जन्मही नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रानुसार मरण एकदाच, मग न्याय.

बियाण्यांच्या गावात पौलाचे बी

देशभर जालना बियाण्यांसाठी ओळखला जातो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. म्हणून पुनरुत्थानावरचा बायबलमधला सर्वांत गाजलेला युक्तिवाद जालन्याच्या शेतकऱ्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही. करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना पौल धरून चालतो की कोणीतरी विचारेल, मेलेले उठतील ते कसे, कोणत्या शरीराने? त्यावर तो म्हणतो, अरे, शेतात काय टाकता ते बघा की. टाकता नुसता दाणा आणि वर येते ते निराळेच. दाणा मातीत गेल्याशिवाय, आपले रूप टाकल्याशिवाय, रोप नाही.

मृगाच्या पावसानंतर कपाशीच्या तासात वाकून पाहा. सरकी टोकून चार-पाच दिवस झाले की भेगाळलेल्या काळ्या मातीतून मान वाकवलेला कोंब वर येतो. कधी कधी टरफल पानाला चिकटून सोबत आलेले असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गळून पडते. पेरले त्याचाच तो पुढचा देह, तरी बी आणि झाड यांच्या रूपात जमीन-अस्मानाचा फरक. पौलाला नेमके हेच म्हणायचे आहे. शरीर टाकून आत्मा उडून जातो, अशी त्याची मांडणी नाही. हेच शरीर बदलून पुन्हा मिळते.

म्हणूनच दफनाला एवढे महत्त्व आले. कित्येक मराठी ख्रिस्ती घरांत माणूस गेला तर तो प्रभूमध्ये निजला असे म्हणतात. ईस्टरच्या पहाटे अनेक गावी मंडळी कबरी झाडून-पुसून फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. कॅथलिक कुटुंबे २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात.

मधल्या काळात कुठे?

मरण आणि शेवटचा न्याय यांच्या मधल्या वेळेत माणूस असतो कुठे, यावर पंथांचे एकमत नाही. क्रुसावरच्या पश्चात्तापी चोराला येशूने आजच सुखलोकात असशील असे सांगितले, त्यावरून बहुतेक प्रॉटेस्टंट मानतात की विश्वासी लगेच प्रभूजवळ जातो. कॅथलिक त्यात शुद्धिस्थानाची पायरी जोडतात आणि त्यासाठी मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकाचा आधार देतात. ते पुस्तक त्यांच्या ७३ पुस्तकांच्या बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंटांच्या ६६ पुस्तकांत नाही. पुण्यात स्पायसर ही शिक्षणसंस्था चालवणारे ॲडव्हेंटिस्ट म्हणतात, मेलेला गाढ झोपेत असतो, उठेल तो थेट पुनरुत्थानाच्या दिवशी.

शहर केवढे?

प्रकटीकरणात शेवटी येणाऱ्या नव्या यरुशलेम शहराची लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, प्रत्येकी सुमारे २,२०० किलोमीटर. मुंबई-हावडा हे नागपूरमार्गे रेल्वेचे अंतर याहून कमी भरते! वेशी बारा, प्रत्येक वेस एका अखंड मोत्याची आणि त्या कधीच बंद होत नाहीत. रस्ता सोन्याचा. जालना सोने का पालना ही म्हण ऐकत मोठे झालेल्यांना हे वर्णन नक्की आवडेल. पण खरी गंमत दिशेची आहे. माणसे वर जात नाहीत, शहर खाली येते, नव्या केलेल्या पृथ्वीवर.

न्यायाच्या दिवशीचे प्रश्न

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाचा प्रसंग आहे आणि तिथे विचारलेल्या गोष्टी सहाच: भुकेल्याला जेवण, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट. किती प्रार्थना केल्या, किती ग्रंथ पाठ केले, याची चौकशीच नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे उत्तीर्ण झालेले चकित होतात, आम्ही हे कधी केले म्हणून उलट विचारतात. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर आला की घागरी-हंड्यांची रांग लागते, तिथे पाण्याच्या पेल्यावर माणसाचे अनंतकाळचे भवितव्य ठरते हे वाक्य वाचून पुढे सरकता येत नाही. शेषाद्रींच्या मिशनच्या परंपरेतले जालन्याचे मिशन हॉस्पिटल याच यादीतल्या पाचव्या कामासाठी उभे राहिले.

मराठी बायबल बायबल सोसायटीच्या दुकानात सहज मिळते आणि मोबाइलवरही आहे. सगळे वाचायचा धीर नसेल तर तीनच अध्याय घ्या: योहानाचा अकरावा, लूकचा सोळावा आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा. तिन्ही मिळून दीडशेच्या आत वचने आहेत. अर्ध्या तासात होतात.