जात्याच्या घरघरीतली बहिणाबाई

जळगावजवळच्या असोदे गावी २४ ऑगस्ट १८८० रोजी महाजनांच्या घरी जन्मलेली मुलगी तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या वाड्यात आली. बहिणाबाई चौधरी हे तिचे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले, ते तिच्या मृत्यूनंतर. त्यांच्या कवित्वावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे पाहावयाचे आहे ते घर पेलणाऱ्या स्त्रीकडे.

तिशीच्या सुमारास वैधव्य आले. ओंकार, सोपानदेव आणि काशी ही तीन मुले पदरात; त्यांतील ओंकारला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आलेले. म्हणजे शेत, गोठा, चूल सांभाळता सांभाळता एका अपंग मुलाची शुश्रूषाही आलीच. आज घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांना ही कसरत नव्याने सांगावी लागणार नाही. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या तेव्हा वय ७१ होते. त्या काळी भारतातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते.

या दीर्घायुष्याचे श्रेय सरसकट कष्टांना देण्याचा मोह टाळलेला बरा. कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. जात्याने खांदे-मनगटे बळकट होत असतील, पण त्याच पिढीतील कितीतरी स्त्रियांच्या कमरा आणि गुडघे अकाली गेले, चुलीच्या धुराने छाती भरली. मात्र जात्यापाशी श्रमाखेरीज आणखीही काही होते. दळताना ओवी येई, ओवीने हाताला लय आणि श्वासाला ठेका मिळे. समोर दुसरी बाई बसली तर सुखदुःख बोलले जाई. पहाटेच्या त्या तासाभरात शरीर, स्मरण आणि सोबत तिन्ही एकत्र येत. पिठाच्या गिरणीने श्रम वाचविले हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर बाकीचेही गेले.

धुळे-जळगावकडील घरांत आज वेगळेच दृश्य दिसते. मुले पुण्या-मुंबईस असतात आणि सणावारी आली की म्हणतात, ‘आई, आता तू काही करायचे नाहीस, नुसती बसून राहा.’ यात माया आहे, शंका नाही. परंतु जिने पन्नास वर्षे घर हाकले तिच्या हातातून सारेच काढून घेतले की तिचे घरातले स्थानही हलते. शिवाय बसून राहिल्याने वृद्धापकाळी स्नायू झपाट्याने क्षीण होतात आणि तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी आणि तीन दिवस तोल व ताकद वाढविणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रकृतीमुळे तेवढे जमत नसेल तर जमेल तेवढे.

तेव्हा काम काढून न घेता कामाची मांडणी बदलावी. मेथी निवडणे, शेंगा फोडणे, भरिताची भाजलेली वांगी सोलणे ही कामे खुर्चीवर बसून होतात. जड भांडी, ओली फरशी आणि उंच फळी यांपासून मात्र दूरच ठेवावे. काम करताना धाप, छातीत दुखणे वा भोवळ आल्यास ‘वयच झाले’ म्हणून न सोडता त्वरित डॉक्टरांना दाखवावे. कळण्याची भाकरी आज नीट थापली गेली की नाही, हा निर्णय शक्यतो तिच्याकडेच राहू द्यावा.

आता स्मरणाविषयी. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओठी येई ते पुत्र सोपानदेव आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतले. आईच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. टिपून घेण्यापूर्वी हवेत विरले ते किती असेल, याचा विचार मनाला चटका लावतो. सोपानदेव स्वतः कवी होते, म्हणून त्यांना आईच्या शब्दांचे मोल कळले असे कोणी म्हणेल. पण टिपून घेण्यासाठी कवी असावे लागत नाही.

आपल्या घरी वहीऐवजी भ्रमणध्वनी आहे. आजीची परवानगी घेऊन तो शेजारी ठेवावा. ‘तुझ्या आयुष्याविषयी सांग’ म्हटले तर ती गप्प होईल. हाती काम असताना एखाद्या वस्तूबद्दल, पदार्थाबद्दल विचारावे. तिची बोली सुधारू नये, तारखांची उलटतपासणी घेऊ नये. विस्मरण जडलेल्यांनाही जुनी गाणी पुष्कळदा आठवतात, म्हणून तेथून आरंभ करावा. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येत, झोके बांधले जात. झोका कोणत्या झाडाला होता, शेजारी कोण बसे, आणि दोघी मिळून काय गात होत्या?