करारातली मेख

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली, हे सगळ्यांना आठवते. सहाच दिवसांनी मूळ खेळाच्या कोरियन मालकांनी भारतातले प्रकाशनाचे हक्क चिनी प्रकाशक टेन्सेंटकडून काढून घेतले, ते मात्र बंदीच्या गदारोळात विरून गेले. एका निवेदनात काम भागले, कारण सूत्रे मालकांच्या हाती होती. ती नीट राखली नाहीत तर किती वर्षे कोर्टात जातात, हे व्हॉल्व विरुद्ध विवेंडी या खटल्यात दिसते.

खेळ बनवणाऱ्या व्हॉल्वने ‘काउंटर-स्ट्राइक’ हा आपला खेळ दुकानांतून विकण्याचा परवाना विवेंडीच्या मालकीच्या सिएरा या प्रकाशकाला दिला होता. प्रकाशकाने तोच खेळ सायबर कॅफेंनाही पुरवला. ऑगस्ट २००२ मध्ये व्हॉल्व सिएटलच्या कोर्टात गेली. विवेंडीने उलट दावे ठोकले आणि खर्चाने व्हॉल्व मेटाकुटीला आली. व्हॉल्वने विवेंडीकडून कागदपत्रे मागवली, तर कोरियन भाषेतला ढीग पुढ्यात आला. व्हॉल्वच्या लोकांनी २०२४ च्या माहितीपटात सांगितल्याप्रमाणे, कोरियन जाणणाऱ्या एका प्रशिक्षणार्थ्याने तो उपसला आणि त्यात एक ईमेल निघाला: सांगितल्याप्रमाणे कागद नष्ट केले, असे विवेंडीचा कोरियातला अधिकारी वरिष्ठाला कळवत होता. प्रसंग असा रंगतदार की खटला त्या पोरानेच जिंकला असे वाटावे. पण २९ नोव्हेंबर २००४ रोजी न्यायाधीश थॉमस झिली यांनी कॅफेंबाबत दिलेला निर्णय परवान्याच्या व्याप्तीवर होता: विवेंडीला कॅफेंतून खेळ पुरवण्याचा अधिकारच नव्हता. एप्रिल २००५ मध्ये तडजोड झाली. ईमेलने विवेंडीची अब्रू गेली असेल, कॅफेंचा हक्क ठरला तो कराराच्या शब्दांवर.

आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ही ‘साहित्यकृती’ आहे; म्हणजे रत्नागिरीत बसून खेळ घडवणारा आणि कादंबरीकार एकाच पंगतीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असे कलम १९ सांगते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक आधार दिला: हक्क हस्तांतरित करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, ते स्पष्ट नमूद केल्याशिवाय हस्तांतरात येत नाही. मात्र या आधारावर फार विसंबू नये. व्हॉल्वचा करार झाला तेव्हा सायबर कॅफे आधीच गल्लोगल्ली होते. व्हॉल्वसारख्या भांडणात ही दुरुस्ती कुणाच्याच कामी आली नसती. कामी येतात ती करारात एकेक करून लिहिलेली माध्यमे.

यावर प्रकाशक म्हणेल की सर्व्हर माझे, जाहिरात माझी, बुडालो तर मी बुडणार. मग सरसकट हक्क का नकोत? ज्या माध्यमावर तो पैसा लावतो त्याचा हक्क त्याला मिळावाच. पण ज्यावर छदामही लावायचा नाही, ते फुकट पदरात पाडून घेण्याला जोखीम म्हणत नाहीत.

खरी मेख मात्र कराराच्या शेवटच्या पानावर असते. कॉपीराइट कायद्याचे कलम ६२ वादीला तो राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावण्याची मुभा देते. त्यामुळे रत्नागिरीकराला रत्नागिरीत दाद मागता येते. पण करारात लवादाचे कलम असेल, तर करारातून उद्भवलेला कॉपीराइटचा तंटाही लवादाकडे जाऊ शकतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इरॉस विरुद्ध टेलिमॅक्स प्रकरणात म्हटले. लवाद लवकर निपटतो, गुप्तता राहते, हे खरे. पण बंद दाराआड लागलेला निकाल पुढच्या खेळकर्त्याला दाखला म्हणून दाखवता येत नाही; झिलींचा निर्णय आज वाचता येतो तो खटला उघड कोर्टात चालला म्हणून. तेव्हा नफ्याच्या टक्क्यांवर घासाघीस करण्याआधी दोन ओळींवर अडून बसावे: कोणती माध्यमे दिली, आणि भांडण कुठे चालणार. टक्केवारी पुढच्या करारात वाढवून मागता येते. या दोन ओळी एकदा गेल्या की मागायला जागाच उरत नाही.